आठ महिने कयाकवरून मोठा मासा गरवल्यावर: काय टिकलं, काय बदललं

ऑक्टोबर ते मे, रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावरून, आठवड्यातून एकदा दोनदा. कयाक साधी 12 फुटी सिट-ऑन-टॉप (आत न शिरता वर बसायची), प्लास्टिकची, वल्ह्यावर चालणारी. गरवायचं म्हणजे सुरमई आणि नशिबात असला तर मोडुसा (कोबिया).

आधी रॉड होल्डरचं सांगतो कारण तिथेच फटका बसला. कयाकवर आलेले होल्डर नुसत्या ॲल्युमिनियमच्या रिवेटवर होते, लहान माशांना काही झालं नाही, पण डिसेंबरात ट्रोलिंग (चालत्या कयाकमागे आमिष ओढत नेणं) करताना असा दणका बसला की रिवेट प्लास्टिकातून उपटले आणि होल्डर रॉडसकट पाण्यात. रॉड दोरीने बांधलेला होता म्हणून परत मिळाला, मासा गेला. मग हॅचमधून (कयाकवरच्या झाकणातून) हात घालून आतल्या बाजूने जाड पट्टी लावली (किचनमधला प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून), 316 स्टेनलेसचे बोल्ट आणि नायलॉक (आपोआप ढिले न होणारे) नट टाकले. या प्लास्टिकला सीलंट नीट धरत नाही, त्यामुळे खाली रबरी वॉशर घालाच. तेव्हापासून काहीच हललेलं नाही.

दुसरं ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, किती जोराने ओढल्यावर लाइन सुटेल ते. किनाऱ्यावरून गरवायची सवय असेल तर हात आपोआप ड्रॅग आवळायला जातो, इथे ते नको, कारण मासा कयाकच ओढत नेतो आणि त्या ओढण्यातच दमतो. माझी लाइन 40 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), ड्रॅग सामान मोजायच्या काट्यावर लावून साधारण 4 किलोवर ठेवतो. महत्त्वाचं हे की रॉडचं टोक नाळेकडे, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकाकडे पाहिजे, मासा नाळेसमोरून ओढत असला तर कयाक सरळ जाते, बाजूने ओढला तर कलते. म्हणून पुढचा सगळा भाग मी मोकळा केला, फिशफाइंडर मांडीच्या बाजूला घेतला, पुढचा होल्डर काढूनच टाकला, म्हणजे मासा खालून पलीकडे गेला तरी रॉड नाळेवरून फिरवता येतो.

नांगर कधीच मध्ये किंवा कडेला बांधू नका, प्रवाहात कयाक आडवी होऊन उलटू शकते. दोन पुली, मध्ये दोरी आणि रिंग अशी अँकर ट्रॉली करून नांगर टोकाला नेतो, नांगराच्या दोरीला बोया असतो, मासा लागला की दोरी बोयासकट सोडून द्यायची, नंतर येऊन उचलायची. या एका गोष्टीने फेब्रुवारीत 14 किलोचा मोडुसा मिळाला, 25 मिनिटं ओढत नेलं त्याने, नांगर खाली असता तर एवढं जमलंच नसतं.

मासा वर घेताना पाय दोन्ही बाजूंना पाण्यात सोडा, कयाक घट्ट बसते. गॅफ (मासा वर ओढायचा आकडा) लहान, दोरीने बांधलेला. सुरमईचे दात बघून वायर लीडर (गळाजवळचा तारेचा तुकडा) लावाच आणि जिवंत मासा मांड्यांमध्ये ठेवू नका. लाइन कापायला सुरी लाइफ जॅकेटवर, हात लगेच पोचेल अशी, खाली बॉक्समध्ये नाही. एकदा लाइन पायात अडकली होती तेव्हा हेच कामी आलं.

वाऱ्याचं मात्र कुठल्याही सामानाने भागत नाही. पहाटे मतलईवर (जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्यावर) निघायचं आणि दुपारचा खारा वारा उठायच्या आत काठावर यायचं, मासा चावत असला तरी.

जूनला कयाक घरी आली तेव्हा सगळे बोल्ट काढून बघितले, दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतले होते म्हणून असेल, एकालाही गंज नाही. तिन्ही कॅराबिनर (दोरी अडकवायच्या कड्या) मात्र गेले, तेवढे बदलतोय.