वॉटर पंप बदलला म्हणून पैसे घेतले, पंप मात्र जुनाच

हायवेवर गाडी गरम झाली, गॅरेजवाल्याने वॉटर पंप (इंजिन गार ठेवणारा द्रव फिरवणारा पंप) बदलला म्हणून साडेसात हजार घेतले आणि प्रत्यक्षात त्या पंपाला पाना सुद्धा लावला नव्हता. सविस्तर लिहितेय कारण ही लबाडी वरून बघून कळत नाही, आणि सोबत म्हातारं माणूस नाहीतर लहान मूल असलं की अडलेला माणूस सांगतील तेवढे पैसे देतो हे या लोकांना पक्कं माहितीये.

पुण्याहून कराडला चाललो होतो, मी, आई आणि माझा मुलगा. मे महिना, भर दुपार, एसी चालू. खंबाटकी घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर जायला लागला. एसी बंद केला, हीटर फुल्ल गरमवर टाकला (यामुळे इंजिनची थोडी उष्णता बाहेर निघते) तर हीटरमधून गार हवा यायला लागली. काटा वर आणि हीटर गार म्हणजे एकतर कूलंट (इंजिन गार ठेवणारा तो द्रव) संपलंय नाहीतर ते फिरतच नाहीये. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. बराच वेळ थांबून, बाटलीतलं पाणी घालून, हळूहळू घाट उतरून पुढच्या एका गॅरेजला गाडी नेली. नाव लिहीत नाही.

तिथल्या माणसाने मोबाईलच्या टॉर्चमध्ये मला पंपाखालचा गुलाबी ओघळ दाखवला, कूलंट वाळून पांढरट-गुलाबी खपली धरली होती. "ताई, वॉटर पंपाचं सील गेलंय, पंप बदलावा लागेल, तुम्ही समोर हॉटेलात बसा, दोन तासात देतो." निदान शंभर टक्के बरोबर होतं आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसला. उगाच हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं पॅकिंग) गेलंय, इंजिन खोलावं लागेल असं म्हणाला असता तर मी तिथून उठलेच असते.

परत आलो तर पंप चंदेरी, चकचकीत, नवाकोरा. जुना पंप दाखवा म्हटलं तर म्हणे "ताई, तो एक्स्चेंजमध्ये कंपनीला परत जातो." नव्याचा बॉक्स? "पोराने कचऱ्यात टाकला." साध्या पॅडच्या कागदावर बिल लिहून दिलं: पंप 3,800, कूलंट 1,200, मजुरी 2,500. पैसे यूपीआयने दिले. गाडी कराडला जाऊन परत आली, काही आठवडे काही त्रास नाही.

नंतर पुण्यातच एकदा बॉनेटमधून कर्रकर्र आवाज, मग धाडकन काहीतरी सुटल्यासारखं, आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. पंप ज्या बेल्टवर फिरतो तोच बेल्ट निघून गेला होता. आमच्या गाडीत त्याच बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पण आहे, म्हणून बॅटरीचा दिवा. तिथेच गाडी बंद केली आणि टो करून आमच्या नेहमीच्या मेकॅनिक चाचांकडे नेली. तशीच दोन किलोमीटर रेटली असती तर इंजिनचं अॅल्युमिनियमचं हेड (वरचा भाग) वाकलं असतं आणि मग खर्च कुठल्या कुठे गेला असता.

चाचांनी पंपाची पुली (बेल्ट बसतो ते चाक) हाताने हलवली तर ती लडलड हलत होती. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "बेटा, हे बघ." स्क्रूड्रायव्हरने पंपाची बॉडी खरवडली तर चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला, खाली जुनी काळपट धातू. रंग चक्क मातीवरच मारलेला! बोल्टच्या खाचांमध्ये वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली, तिच्यावर स्प्रे. पाना लागला की बोल्टच्या कडा घासून उजळतात, इथे चारही बोल्ट जसेच्या तसे. आणि पंपाच्या पोटाला छोटं छिद्र असतं त्यात एमसील ठासून भरलेलं आणि त्याच्यावर पण रंग.

ते छिद्र म्हणजे वीप होल, आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. पंपात एका बाजूला कूलंट ढकलणारा पंखा, दुसऱ्या बाजूला बेअरिंग आणि मध्ये सील. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये जाऊ नये, आधी बाहेर पडावं आणि मालकाला कळावं यासाठीच कंपनी ते छिद्र ठेवते. ते बुजवलं की बाहेरची गळती थांबते, गिऱ्हाईक खुश होऊन निघून जातं, पण कूलंट आत बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुवून काढतं आणि बेअरिंग कोरडं पडून जाम होतं. म्हणजे या माणसाने नुसते पैसे खाल्ले नाहीत, चालत्या गाडीत पुढचं ब्रेकडाऊन भरून दिलं. हेच घाटात, रात्री, आई सोबत असताना झालं असतं तर? हे आठवलं की अजून संताप होतो.

कूलंटचे 1,200 पण असेच गेले. रेडिएटरमधून गढूळ तांबूस पाणी निघालं, बहुतेक बोअरचं. कूलंटमध्ये गंज आणि क्षार धरू नये म्हणून औषधं असतात, ते गरम झालं तरी साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. बोअरच्या पाण्याने आत खपल्या धरतात आणि त्या नव्या सीलला पण खातात. (कूलंट जमिनीवर सांडलं तर लगेच धुवून टाका, ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी आहे.)

आता तुम्ही पंप बदलायला टाकाल तेव्हा काम सुरू व्हायच्या आधीच सांगा की जुना पंप माझ्या हातात पाहिजे, आणि शक्य असेल तर तिथे उभं राहा. साध्या वॉटर पंपाला "कंपनीला परत जातो" हे ऐकलं की तिथेच संशय घ्या. काम व्हायच्या आधी जुन्या पंपाचा फोटो काढा, बोल्टसकट. नंतर इंजिन बंद आणि गार असताना टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वीप होल बघा, ते उघडंच पाहिजे. नव्या पंपाचा बॉक्स, त्यावरचा पार्ट नंबर आणि एमआरपी बिलाशी जुळवा. प्रेशर टेस्टर असलेल्या गॅरेजला रेडिएटरला हवा भरून प्रेशर टिकतंय का बघायला सांगा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पाईपमधून किंवा झाकणातून गळती असेल तर ती पण कळते. ज्या गाड्यांमध्ये पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनच्या आतल्या भागांचा मेळ ठेवणारा पट्टा), कव्हरच्या आत असतो तिथे तर वरून काहीच दिसत नाही, तिथे बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा पार्ट) आणि पंप एकदमच बदलतात, तिन्ही जुने पार्ट मागून घ्या.

त्या गॅरेजला फोन केला तर आधी म्हणाला "लोकल माल होता ताई, असं होतं कधी कधी." मग मी रंगाचे आणि एमसीलचे फोटो पाठवले, तेव्हापासून फोन उचलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, 1915 ला, तक्रार नोंदवलीये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे हायवेवर फसलात तरी तिकडे खेटे घालायला नकोत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि मुदत 2 वर्षांची आहे. पक्कं बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरलीये, त्यामुळे कच्चा कागद असला तरी तो आणि यूपीआयची नोंद जपून ठेवा. चाचांनी त्यांच्या बिलावर पंप कुठल्या अवस्थेत निघाला ते सही करून लिहून दिलंय, काढलेला पंप एमसीलसकट माझ्याकडे आहे, आणि हेल्पलाईनवर मिटलं नाही तर हे सगळं घेऊन मी पुण्याच्या आयोगात जाणार आहे.