क्लोरथॅलिडोन १२.५: गोळी उत्तम, पण पोटॅशियम कोण बघणार?

बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू असूनही वरचा आकडा १५० च्या खाली येत नव्हता, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी सकाळची क्लोरथॅलिडोन १२.५ जोडली. महिन्याभरात घरच्या मशीनवर १३० च्या आसपास दिसायला लागलं. लघवीला वारंवार जावं लागायचं ते सुरुवातीला, तेही दुपारपर्यंतच. किंमत तर किरकोळ.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. काही महिन्यांनी रात्री पोटऱ्यांत असे गोळे यायला लागले की पलंगाची कड धरून उभं राहावं लागे. दवाखान्यात सांगितलं, वय झालं, कॅल्शियम घ्या. शेवटी एका फिजिशियनला दाखवलं. पोटॅशियम निघालं ३.१. निदान ३.५ तरी हवं. सोडियमही १३३, म्हणजे कमीच. त्याआधी मी हजारो रुपये मोजून फुल बॉडी पॅकेज केलं होतं. त्यात व्हिटॅमिन डी, बी१२, थायरॉइड सगळं होतं, फक्त सोडियम-पोटॅशियम नव्हतं! जी गोळी हेच क्षार लघवीवाटे बाहेर काढते, तिच्यासाठी ही एवढीशी तपासणी सुरू करण्याआधी आणि नंतर दोन-चार आठवड्यांनी व्हायलाच हवी. मला कुणी अवाक्षर बोललं नाही.

तेव्हा गोळी कायमची बंद करून इथे एकच स्टार द्यायचा विचार होता. फिजिशियननी अडवलं. २००२ च्या ऑलहॅट अभ्यासात ३३ हजारांहून जास्त रुग्ण होते, आणि हीच जुनी स्वस्त गोळी अ‍ॅम्लोडिपिन, लिसिनोप्रिल या बीपीच्या दुसऱ्या औषधांच्या तोडीस तोड ठरली. मग याच प्रकारची दुसरी गोळी, हायड्रोक्लोरोथायझाइड द्या, मी म्हटलं. तेही चाललं असतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर दोन्हींची तुलना झाली, हार्ट अटॅक-स्ट्रोकच्या बाबतीत फरक पडला नाही, पोटॅशियम मात्र क्लोरथॅलिडोनवर जास्त जणांचं घसरलं. पण बीपी छान बसलं होतं, म्हणून त्यांनी डोस ६.२५ वर आणला आणि जोडीला टेल्मिसार्टन ४० हे बीपीचंच औषध दिलं, जे पोटॅशियम धरून ठेवतं. थोडे दिवस पोटॅशियमचं सिरपही घेतलं. आता ४.२ आहे, गोळे बंद, बीपी १२८/८०.

तर चार स्टार, आणि तेही गोळीला. घरात वयस्कर माणसाला ही गोळी चालू असेल आणि ते अचानक सुस्त झाले, बोलताना गोंधळायला लागले, तर 'वय झालं' ऐकून परत येऊ नका, त्याच दिवशी सोडियम बघायला लावा. जुलाब-उलट्या झाल्या तर डोस घ्यायचा की थांबवायचा हे डॉक्टरांना फोन करून विचारा. माझ्या सासूबाईंनाही हीच गोळी चालू आहे आणि त्यांच्या फायलीत सोडियमचा एकही रिपोर्ट सापडला नाही. या आठवड्यात त्यांचं रक्त देतोय.