नैराश्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर: संक्रांत ते पोळा वापरून पाहिल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथेच थांबतील. अ‍ॅक्युपंक्चरने, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचायच्या उपचाराने, माझी झोप परत आणली आणि मान-खांदे मोकळे केले. नैराश्य एकट्या सुईने गेलं असं मात्र मी म्हणणार नाही, कारण गोळी तेव्हाही चालू होती आणि आजही आहे. पैसे वाया गेले का? नाही. गोळी सोडून नुसत्या सुया घ्याव्यात का? अजिबात नाही. आता सविस्तर.

मी अमळनेरला राहतो, एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, हिशेब बघतो. दसरा उलटला की आमच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. काटा पावत्या, शेतकऱ्यांचे पेमेंट, रुईच्या गाठी, सरकीचा हिशेब, रात्री नऊ-दहाशिवाय घर दिसत नाही. बावीस-तेवीस वर्षं हे काम हातावर बसलेलं. गेल्या सीझनला मात्र रोजमेळ जुळेनासा झाला. तीच बेरीज तीनदा मारायची आणि तीनदा वेगळी यायची. पहाटे तीनला डोळे उघडायचे ते उघडेच. जेवण उतरायचं नाही; घरी शेवभाजी केली तरी ताटाकडे नुसतं बघत बसायचो. मंडळी म्हणाल्या, "अहो, तुम्ही बोलत का नाही?" बोलण्यासारखं काही सुचतच नव्हतं.

थोरल्या भावाचं म्हणणं ठरलेलं. "तुले काय कमी शे? पोर शिकी ऱ्हायनी, घर व्हई गयं." खरंच काही कमी नव्हतं, म्हणूनच जास्त शरम वाटायची.

पुण्याला शिकणारी मुलगी दिवाळीला आली आणि तिने हट्टाने जळगावला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. पीएचक्यू-9 म्हणतात त्याला. शून्य ते 27 गुण, जास्त गुण म्हणजे जास्त नैराश्य. माझे 17 आले. डॉक्टर म्हणाले, बरंच आहे पण बरं होणारं आहे, आणि गोळी लिहून दिली. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील हेही आधीच सांगितलं. गोळीने खरंच फरक पडला: सकाळचं ते छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं कमी झालं. पण झोप काही लागेना आणि मान दगडासारखी आखडलेली. झोपेसाठी आणखी एक गोळी वाढवायची माझी तयारी नव्हती. डॉक्टरांनाच विचारलं, अ‍ॅक्युपंक्चर करून बघू का? ते म्हणाले, करा, पण गोळी माझ्याशी बोलल्याशिवाय हलवायची नाही आणि सुई टोचणाऱ्याला कोणती गोळी चालू आहे ते सांगायचं.

आता ठिकाण निवडण्याबद्दल, कारण इथेच लोक फसतात. पहिल्या ज्या ठिकाणी गेलो तिथल्या गृहस्थांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि म्हणाले, "ह्या गोळ्या आजपासून बंद. मुळापासून बरं करतो." वर पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ मागितले. मी चहाही न पिता उठलो. नैराश्याची गोळी एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, डोक्यात झिणझिण्या, चिडचिड असा त्रास होऊ शकतो आणि आजार उलटू शकतो, हे मला आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. कुठल्याही उपचारवाल्याच्या तोंडून हे वाक्य आलं की चप्पल पायात घाला.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. केंद्राने 2019 मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. म्हणजे "तुमचा नोंदणी क्रमांक काय?" असं विचारण्यात लाजायचं कारण नाही. जळगावातल्या दुसऱ्या ठिकाणी मी विचारलं, तर सुया देणाऱ्या बाईंनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं आणि हसल्या. तिथेच टिकलो. त्यांच्या टेबलावर डॉ. कोटणीसांचा फोटो होता. मला वाटायचं सोलापूरचा माणूस चीनला गेला एवढीच ती गोष्ट. बाईंनी सांगितलं की 1938 मध्ये कोटणीस ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये जाऊन ही विद्या शिकली आणि कोलकात्यात आणली. असो.

सुईची भीती ज्यांना आहे त्यांच्यासाठी: ही इंजेक्शनची सुई नव्हे. भरीव असते, त्यातून काही आत जात नाही, आणि जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, वापरलेली सुई तुमच्यासमोर डब्यात गेली पाहिजे. हे दोन्ही दिसलं नाही तर विचारा. प्लास्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवतात आणि वरून टिचकी मारतात. बहुतेक वेळा टिचकीच कळते, सुई कळत नाही. माझ्या जागा साधारण ठरलेल्या होत्या: टाळूवर एक, दोन भुवयांच्या मध्ये एक, मनगटाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली, आणि पायाचा अंगठा व शेजारचं बोट यांच्या मधल्या खोबणीत. ही शेवटची जागा मला नेहमी झोंबायची. सुई बसली की आधी बारीक मुंगी चालल्यासारखं होतं, मग ती जागा जड होते, कधी ते जडपण घोट्यापर्यंत सरकतं. बाई म्हणायच्या, हेच हवं असतं. टाळू आणि कपाळाच्या सुयांना कधी कधी छोट्या चिमट्यांनी मशीन जोडायच्या. हलकी टकटक जाणवते, दुखत नाही. पेसमेकर असेल तर मशीन जोडायच्या आधी सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तरी सांगा.

मग अर्धा तास पडून राहायचं. मोबाईल बाहेरच्या टोपलीत. गड्यांनो, हा अर्धा तास म्हणजे काय चीज आहे! कामाच्या दिवशी अर्धा तास कुणी हाक मारत नाही, "मुनीम, पावती" म्हणत नाही, हे मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. दुसऱ्या की तिसऱ्या वेळेला मी चक्क घोरलो, असं सोबत येऊन बाहेर बसलेल्या आमच्या मंडळींनी सांगितलं. त्या रात्री पाचपर्यंत झोप लागली.

म्हणून शंका येतेच: काम सुई करते की पडून राहणं? मुलीने शोधून वाचून दाखवलं. इंग्लंडमध्ये 755 नैराश्यग्रस्तांवर झालेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीच्या उपचारांसोबत आठवड्याला एक याप्रमाणे 12 पर्यंत अ‍ॅक्युपंक्चर, काहींना समुपदेशन, उरलेल्यांना फक्त नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे होते, पण सुई आणि समुपदेशन यांच्यात ठळक फरक निघाला नाही. कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते; तिच्या 2018 च्या आढाव्यात 64 अभ्यास आणि 7104 रुग्ण होते. काहीच न करण्यापेक्षा अ‍ॅक्युपंक्चरने बऱ्यापैकी फायदा दिसला, खोट्या, म्हणजे नुसता उपचाराचा आव आणणाऱ्या सुईशी तुलना केली की फायदा आक्रसला, आणि एकूण पुरावा कच्चा, असा त्याचा सूर. आम्ही हिशेबवाले लोक. व्हाउचर अर्धवट असेल तर नोंद पेन्सिलने करतो. मीही हे पेन्सिलनेच लिहिलंय.

आता फरक नेमका कसा पडला. झोप पहिली सुधारली. त्यानंतर मान. मग एक दिवस गाडीत धरणगाव गेल्यावर भूक लागल्याचं जाणवलं आणि मी फलाटावरून भजी घेतली. मंडळी माझ्याकडे बघतच राहिल्या. मन सगळ्यात शेवटी हललं, आणि त्याचं श्रेय मी गोळीला, डॉक्टरांशी होणाऱ्या बोलण्याला आणि सीझन संपल्यालाही देतो. फेब्रुवारीनंतर आवक उतरते, ताण तसाही कमी होतो. हे न सांगता सगळं सुईच्या खात्यावर जमा करणं म्हणजे खोटी खतावणी. नऊ प्रश्नांचा कागद आता 6 दाखवतो.

उन्हाळ्यात मात्र वैताग. मे महिन्यातलं जळगाव तुम्हाला माहीत आहे. पारा 44-45, गाडीचा डबा तापलेला, पोचेपर्यंत अंगाची लाही. त्यात बाईंनी एकदा मोक्सा काढली: वाळलेल्या पानांची कांडी पेटवून कातडीजवळ धरून शेक देतात. मी हात जोडले. मे महिन्यात खान्देशात शेक कुणाला हवाय? वीज गेली की कूलर बंद, आणि अंगात सुया असल्यामुळे पंख्याने वारासुद्धा घेता येत नाही. त्या महिन्यात मी दोन-तीनदा दांडी मारली आणि झोप परत थोडी बिघडली. एकदा उपाशी पोटी गेलो तर सुया लावताच घाम फुटून डोळ्यांसमोर अंधारी आली; त्यांनी लगेच सगळ्या काढल्या, पाय उंच केले, साखरपाणी दिलं. काही खाऊन जा. कधीमधी हिरवा-निळा डाग पडतो, तो चार दिवसांत जातो.

खर्च: एका वेळेचे 400 रुपये, वर दोघांचं येणं-जाणं आणि माझी अर्ध्या दिवसाची रजा. आठवड्याला परवडण्यासारखं प्रत्येकाला नाही. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीचा खर्च याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी तिकडे जा.

एक फायदा कुठल्याच अभ्यासात सापडणार नाही. मानसोपचाराच्या दवाखान्याबाहेर ओळखीचं कुणी दिसलं की मी पलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरायचो. सुयांना जातो हे मात्र स्टेशनवर मोठ्याने सांगता येतं. "कंबर दुखस का?" लोक विचारतात. मान, असं सांगितलं की प्रत्येकजण स्वतःची मान काढून बसतो. शेठनेही रजा बिनबोभाट दिली, कारण मान धरलेला माणूस त्यांना कळतो. यात थोडी लबाडी आहे, पण या आडोशामुळे मी घराबाहेर पडत राहिलो. पुढे तर भजीवाल्या प्रवासात एका शिक्षकाने हळूच विचारलं, "झोपेलापण देतात का ह्या सुया?" त्यांचा आवाज ऐकूनच मला समजलं. मी त्यांना सुयांच्या आधी डॉक्टरांचा पत्ता दिला.

हेच इथेही. त्या कागदावरचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर तुमच्या बाबतीत शून्य नसेल तर हा अनुभव बाजूला ठेवा, घरात कुणाला तरी आत्ताच सांगा आणि डॉक्टर गाठा. रात्री-बेरात्री कुणीच नसेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात.

सध्या मी महिन्यातून एकदा जातो. गोळी कमी करायची का, हे डॉक्टर येता सीझन पार पडल्यावर ठरवणार आहेत, आणि मला ते पटतं. ऐन आवकीत प्रयोग नकोत. कुणाला अमळनेर-पारोळ्याकडून जळगावला जायचं असेल तर सकाळची वेळ घ्या. संध्याकाळी गर्दी असते, बाई घाईत असतात, अर्ध्या तासाची वीस मिनिटं होतात आणि परतीची गाडीही हुकते.