गूंजला जुने कपडे देण्याचा अनुभव, आणि एवढी मोठी संस्था खरंच कामाची आहे का

सोसायटीच्या ग्रूपवर दर दिवाळीच्या साफसफाईत हा प्रश्न येतोच, कपाटातले चांगले कपडे कुणाला द्यायचे आणि मोठ्या संस्थांना दिलेलं खरंच गरजूपर्यंत पोचतं का, म्हणून एकदाच नीट लिहितेय. आम्ही गूंजला देतो. माझं मत स्पष्ट आहे, कपडे आणि घरातलं वापरण्याजोगं सामान द्यायला ही संस्था चांगली आहे, आणि ती मोठी आहे म्हणूनच चांगली आहे.

संस्था मूळ दिल्लीची, अंशु गुप्तांनी 1999 मध्ये घरातल्या 67 कपड्यांपासून सुरू केलेली. 2015 ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला पटली ती त्यांची कामाची पद्धत. कपडे फुकट वाटत नाहीत. गावातले लोक स्वतः ठरवतात की आपल्याकडे काय अडलंय, विहीर खोदायची, तळ्यातला गाळ काढायचा, ओढ्यावर बांबूचा पूल बांधायचा, आणि सगळ्यांनी मिळून ते काम केलं की त्याचा मोबदला म्हणून घरटी कपड्यांचं, सामानाचं किट मिळतं. म्हणजे माझी साडी कुणाकडे गेली असेल तर ती त्या बाईने कमावलेली आहे, कुणी तिच्या हातावर टेकवलेली नाही, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे बोहारणीला कपडे देऊन भांडं घ्यायची पद्धत होतीच की, त्यात कुणालाच कमीपणा नव्हता.

दुसरं म्हणजे सॉर्टिंग. कपड्यांची मदत बहुतेक वेळा इथेच फसते. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून एवढे कपडे गेले की ढीगच्या ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, त्यात लोकरीचे पण, समुद्रकिनाऱ्यावरच्या कोळ्यांना स्वेटर काय कामाचे? गूंजने नंतर ते लाखो कपडे उचलून, निवडून मार्गी लावायचं काम केलं. आपल्याकडे पूर आला की पण तेच होतं, हायवेलगतच्या गावात चार-चार ट्रक रिकामे होतात आणि आतल्या वाडीवर काहीच पोचत नाही. कुठल्या भागात बायका साडी नेसतात, कुठे थंडी पडते, कुठे लहान मुलांचे कपडे कमी पडतायत हे आधी माहीत असायला लागतं आणि त्यासाठी गोडाऊन, माणसं आणि गावोगावच्या छोट्या संस्थांशी ओळख लागते, हे चार उत्साही मुलांच्या टेम्पोने होत नाही हो. जे कपडे घालण्यालायक नसतात त्यांचं पण काहीतरी होतं, जीन्सच्या पिशव्या, चिंध्यांच्या गोधड्या, आणि सुती चादरी-साड्या स्वच्छ धुऊन पाळीसाठीचे कापडी पॅड. हे पॅडचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सामानासोबत ते थोडे पैसे पण मागतात, वाहतूक आणि निवडीच्या खर्चासाठी. बऱ्याच जणांना ते खटकतं, "आम्ही सामान द्यायचं आणि वर पैसे पण?" मला अजिबात खटकत नाही. मुंबई-पुण्यातून बिहारच्या गावात पोतं न्यायला डिझेल लागतं आणि ते कुणीतरी भरायलाच हवं. टॅक्सचं म्हणाल तर देणगीवरची 80जी ची करसवलत फक्त पैशांवर मिळते, सामानावर नाही, 2000 रुपयांच्या वर कॅश दिली तर नाही आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर मुळातच नाही.

आता, मोठी संस्था म्हणजे डोळे झाकून द्या असं मी म्हणत नाहीये. हैतीत 2010 ला भूकंप झाला तेव्हा अमेरिकन रेड क्रॉसने जवळपास 50 कोटी डॉलर जमवले, आणि 2015 मध्ये पत्रकारांनी शोध घेतला तर कायमची पक्की घरं सापडली फक्त सहा. संस्थेचं म्हणणं होतं की पैसा बाकीच्या मदतीत लागला. पण तिथली भाषा येणारी माणसं कमी, जमिनीच्या मालकीचे घोळ, आणि पैसा दुसऱ्या संस्थांमार्फत फिरताना प्रत्येकाचा खर्च वेगळा कापला जाणार. वाचून खूप राग आला होता मला. म्हणून मॉलबाहेर टॅबलेट घेऊन उभी असलेली मुलं दर महिन्याचं ऑटो डेबिट लगेच चालू करा म्हणून मागे लागतात तिथे मी कधीच सही करत नाही, संस्था कोणतीही असो. घरी येऊन वार्षिक अहवाल बघायचा, काम कोण करतं, स्थानिक माणसं आहेत का ते बघायचं आणि मग ठरवायचं.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका, की तुमचा ड्रेस अमुक गावात अमुक मुलीला मिळाला असा फोटो येईल. तो येऊ पण नये, असं मला मनापासून वाटतं, कुणाची गरज आपल्या समाधानासाठी फोटोत कशाला हवी.

देणार असाल तर कपडे धुऊन, वाळवून द्या, चपलांचे जोड एकत्र बांधा, अर्ध्या कोऱ्या वह्या पण टाका कारण कोरी पानं काढून नवीन वह्या बांधल्या जातात. आणि निघायच्या आधी जवळचं कलेक्शन सेंटर चालू आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या, सगळीकडे रोज घेत नाहीत.