सेमिनारला कुठले पक्षी घेऊ, डॅफ्नीच्या फिंच की ऑक्सफर्डच्या टिट?

'जंगलातल्या पक्ष्यांमधली हेरिटॅबिलिटी आणि नॅचरल सिलेक्शन' असा टॉपिक (हेरिटॅबिलिटी म्हणजे पक्ष्यापक्ष्यांमधल्या फरकातला जीनमुळे येणारा वाटा, नॅचरल सिलेक्शन म्हणजे नैसर्गिक निवड) हातात पडला की निम्मी पोरं डोळे मिटून गॅलापागोसच्या फिंच उचलतात. मीही एमएस्सीला तेच केलं होतं. त्यात चूक काही नाही, पण ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा.

आधी फिंच. डॅफ्नी मेजर हे गॅलापागोसमधलं पाव-अर्धा चौरस किलोमीटरचं ओसाड बेट, तिथे पीटर आणि रोझमेरी ग्रांट हे संशोधक जोडपं १९७३ पासून जवळपास प्रत्येक पक्ष्याच्या पायात रिंगा घालून चोची मोजत बसले होते. १९७७ ला पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. मऊ बारीक बिया आधी संपल्या आणि उरली ती गोखरूच्या जातीतली काटेरी फळं, म्हणजे आपल्याकडे शेतात अनवाणी चालताना पायात घुसतो त्या सराट्याचीच भावकी. ते फोडायला जाड चोच लागते. मिडियम ग्राउंड फिंचमधल्या १०० तल्या जेमतेम १५ जगल्या, आणि त्या सरासरीने जाड चोचीच्या होत्या, फरक किती तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास! पुढे १९७८ ला जी पिल्लं झाली त्यांच्याही चोची दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा ४ टक्क्यांच्या आसपास जाड निघाल्या, कारण चोचीच्या जाडीची हेरिटॅबिलिटी इथे ०.७ च्या वर आहे. पुस्तकातलं सूत्र आहे ना, पुढच्या पिढीतला बदल बरोबर हेरिटॅबिलिटी गुणिले सिलेक्शन (म्हणजे जगलेल्यांची सरासरी आधीच्या सगळ्यांच्या सरासरीपेक्षा किती सरकली), ते इथे अगदी शाळेतल्या गणितासारखं सुटतं.

आता टिट. ऑक्सफर्डजवळच्या विदमच्या जंगलात डेव्हिड लॅक या पक्षिशास्त्रज्ञाने १९४७ ला हा अभ्यास सुरू केला, आज तिथे हजाराच्या वर नेस्ट बॉक्स आहेत. (सह्याद्रीत दिसणारी राखाडी टिट जुन्या पक्षीपुस्तकांत ग्रेट टिट म्हणूनच छापलेली असायची, त्यामुळे पक्षी अगदीच परका वाटणार नाही.) इथे चोचीची भानगड नाही, इथे प्रश्न अंडी कधी घालायची याचा. पिल्लांना ओकवरच्या अळ्या लागतात, अळ्यांचा सीझन थोडेच दिवस टिकतो, वसंत लवकर तापायला लागला तसा तोही अलीकडे सरकला, आणि १९६० च्या दशकापासून विदमच्या टिटनी अंडी घालायची तारीख साधारण दोन आठवडे अलीकडे आणली. वाटतं ना की बघा, इव्होल्यूशन झालं? पण २००८ च्या पेपरात निघालं वेगळंच, एकच मादी गरम वर्षी लवकर आणि थंड वर्षी उशिरा अंडी घालते आणि जवळजवळ सगळा बदल तेवढ्यावरच समजावता येतो, जीन बदलायची गरज नाही, याला प्लॅस्टिसिटी म्हणतात. मजा म्हणजे नेदरलँड्समधल्या होगे वेलुवेच्या त्याच जातीच्या टिटना हे जमलं नाही, १९७३ ते १९९५ मध्ये अळ्या पुढे सरकल्या आणि अंड्यांची तारीख होती तिथेच राहिली.

अंडी घालायच्या तारखेची हेरिटॅबिलिटी चोचीच्या मानाने खूपच कमी असते आणि इथेच सगळे घसरतात. कमी हेरिटॅबिलिटी म्हणजे जीनमध्ये फरकच नाही असं नाही. हा एक अपूर्णांक आहे, वर जीनमुळे येणारा फरक आणि खाली एकूण फरक, आता तारखेवर थंडी, खाणं, मादीचं वय सगळ्याचाच परिणाम होणार, म्हणजे छेद फुगला की आकडा आपोआप बारीक. आणि ०.७ म्हणजे एका पक्ष्याची ७० टक्के चोच जीनमधून आली असं तर मुळीच नाही, तो आकडा पक्ष्यापक्ष्यांमधल्या फरकाचा आहे, आणि तोही त्या जागेचा आणि त्या काळाचा.

मोजायची पद्धत दोन्हीकडे लागते. जुनी म्हणजे आईबापांची सरासरी एका अक्षावर, पिल्लांची दुसऱ्या अक्षावर, रेषेचा चढ हीच हेरिटॅबिलिटी. कागदावर करून दाखवता येते, वर्गात टाळ्या मिळतात. फक्त घरट्यातली सगळीच पिल्लं घरातल्या नराची नसतात, शिवाय चांगल्या जागेतल्या आईबापांची पिल्लं चांगल्याच जागेत वाढतात, तेव्हा आकडा थोडा भाबडा असतो. त्यावर उपाय म्हणजे पिल्लांची घरटी बदलून बघायची, नाहीतर अख्ख्या वंशावळीवर चालणारं अ‍ॅनिमल मॉडेल नावाचं स्टॅटिस्टिक्सचं मॉडेल. टिट घेतल्या तर हे मॉडेल टाळता येणार नाही आणि आर (R) या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन आठवडे डोकं आपटायची तयारी ठेवा.

मला विचाराल तर वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन असेल आणि स्टॅटिस्टिक्सचं नाव काढलं की पोटात गोळा येत असेल तर फिंच. डिझर्टेशन असेल, पुढे पीएचडीचा किडा असेल, तर टिटच, कारण हवामानबदलावर आज जे प्रश्न विचारले जातात ते तिथले आहेत. जोडीला स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या कॉलर्ड फ्लायकॅचर या पक्ष्याचे पेपर वाचा, तिथे पायाची लांबी हेरिटेबल आहे, सिलेक्शनही आहे, तरी पाय काही लांब होत नाहीत!

आणि फिंच घेतल्यातच तर १९७७ वर थांबू नका. १९८३ च्या एल निनोत धो धो पाऊस झाला, वेलींनी सराटे झाकून टाकले, बारीक बियांचा सुकाळ झाला, आणि त्यानंतरच्या कोरड्या वर्षांत उलट लहान चोचीच्या जास्त जगल्या. माझ्या स्लाइड १९७८ ला संपल्या होत्या, परीक्षकांनी पहिलाच प्रश्न तिथला विचारला.