जंतांच्या अभ्यासाला उंदीर की डुक्कर?

सांगलीत माझ्याकडे प्राणिशास्त्र शिकायला येणारी मुलं हमखास विचारतात, पोटातल्या जंतांवर काम करायचं तर कोणता प्राणी घ्यावा?

उंदीर स्वस्त, पिंजरा टेबलावर मावतो, एकाच वाणाचे वीस मिळतात, एखादं जनुक काढून टाकलेलेही. प्रतिकारशक्ती कशी जागी होते हे पाहायला त्याला तोड नाही. पण डुकरातल्या गोलकृमीची अंडी त्याला पाजली, की अळ्या यकृतातून फुफ्फुसापर्यंत जातात आणि सहसा तिथेच खेळ संपतो. आतड्यात परतून मोठा जंत काही होत नाही.

डुकरात तो होतो. यकृतावर दूध शिंपडल्यासारखे पांढरे डाग पडतात. फुफ्फुसातून अळ्या घशात येतात, गिळल्या जातात, आणि लहान आतड्यात वीतभर लांबीची मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते. माणसाच्या गोलकृमीचा प्रवासही जवळपास असाच. शिवाय डुक्कर आपल्यासारखंच सर्वभक्षी. खर्च आणि जागा मात्र भरपूर लागते.

औषध तपासायचं असेल तर मी डुक्करच म्हणेन. उसाच्या फडात मातीचे हात तोंडात घालणाऱ्या लेकरांच्या आतड्यात जे चालतं, ते उंदरात पुरतं दिसतच नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या जाणत्यांशी आधी बोला.