रिटायरमेंट होम, 11 महिने झाले: सगळं बरंय, दोरी सोडून

ब्रोशरमधलं परत सांगत बसत नाही, रॅम्प, लिफ्ट, योगा हॉल, आठवड्याला डॉक्टर, ते सगळ्यांना माहितीय. जागेचं नाव पण लिहीत नाही कारण अजून तिथंच राहायचंय आणि डिपॉझिट त्यांच्याकडं अडकलंय. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आहे एवढं पुरे.

मी 71 चा, लग्न केलं नाही, उद्यमनगरात 30 वर्षं फिटिंगचं वर्कशॉप होतं. घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ. 2019 ला घरात पाणी आलं, 2021 ला परत आलं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका हे आमच्या गल्लीत पोराटोरांना पण पाठ, पण पाठ असून काय करता, फ्रिज वर चढवायला दुसरा माणूस लागतो आणि तो माझ्याकडं नव्हता. दुसऱ्या पुरानंतर गाद्या वाळवत बसलो होतो तेव्हाच ठरवलं, बास झालं आता. ठरवून निघायला तीन-चार वर्षं गेली ते सोडा, आमच्यात ठरवणं आणि करणं यात तेवढं अंतर असतंच.

ॲडमिशनच्या फॉर्मवर मुलगा किंवा मुलगी असाच रकाना. मी रेघ मारली तर ऑफिसातली पोरगी म्हणली, काका रिकामं ठेवलं तर सिस्टीम पुढंच जाईना. मग इचलकरंजीच्या पुतण्याचं नाव घातलं. आता दर महिन्याला त्याला मेसेज जातो, आपल्या वडिलांचे बिल तयार आहे, आणि तो मला फोन करून विचारतो, काय पप्पा, भरलं का?

बिलाचं सांगतो. महिना 23,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,140, झाले 27,140. धर्मादाय ट्रस्टचा वृद्धाश्रम असता तर 60 च्या वरच्या माणसाला महिन्याला 25,000 पर्यंत हा टॅक्स लागत नाही. आमची खाजगी कंपनी, त्यामुळं लागतो. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. सही करायच्या आधी विचारा, माझ्यासारखं करू नका.

जेवण. चौथ्या महिन्यात कुणीतरी विचारलं होतं तेव्हा मी सांगितलेलं की इथं आजारी नसलेला माणूस पण आजारी पडेल, ते शब्द आता मागं घेतो. आधीच्या आचाऱ्यानं ज्येष्ठांना तिखट चालत नाही असं स्वतःच ठरवून टाकलं होतं, कोल्हापुरात माणूस 70 वर्षं कांदा-लसूण चटणीवर जगलेला असतो आणि त्याला दुधी वाढायचा. आता कागलकडचा एक आचारी आलाय, बुधवार-रविवार तांबडा-पांढरा असतो, ज्यांना चालत नाही त्यांचं वेगळं. चहाला मात्र पिशवीचं दूध. गंगावेशीत म्हैस समोर पिळून घेतलेलं दूध प्यायलेल्या माणसाला हा चहा म्हणजे शिक्षा, पण ते मी सोडून दिलंय.

दोरी सोडून दिलेली नाही.

बाथरूममध्ये लाल दोरी असते, ओढली की खाली काउंटरला बझर वाजतो. बघायला आलो तेव्हा पहिल्यांदा हेच दाखवलं होतं, आणि खरं सांगतो, एकट्या माणसानं डिपॉझिट भरलं ते या दोरीसाठीच. फेब्रुवारीत सकाळी पावणेसहाला पाय सरकला आणि बसलो खाली. हाड मोडलं नाही, पण गुडघा असा धरला की उठता येईना. हात वर केला तर दोरी फ्लशच्या टाकीजवळ, गुंडाळून गाठ मारलेली. फरशी पुसताना मॉपमध्ये अडकते म्हणून मावशींनी वर बांधलेली. अहो पडलेल्या माणसानं उभं राहून ओढायची का ती? स्टीलच्या तांब्यानं बादली वाजवत बसलो, शेजारच्या खोलीतल्या काकूंना ऐकू गेलं म्हणून बरं. 25 मिनिटं गेली.

तक्रार केली. त्यांनी काय केलं तर लॅमिनेट केलेला कागद चिकटवला, कृपया दोरी बांधू नये. आठ दिवसांत दोरी परत वर, कारण सफाईचं काम कॉन्ट्रॅक्टवर, मावशी बदलल्या, नव्या मावशींना कागद वाचायला वेळ कुठला. त्यांची चूक नाही म्हणा, त्यांना 22 बाथरूम दोन तासात करायला लावतात.

मग माझ्यातला फिटर जागा झाला. पहिलं म्हणजे दोरीचं टोक जमिनीपासून वीतभरावर पाहिजे, आडवं पडून हात पोचला पाहिजे. आमची मुळात कमरेपर्यंतच होती, न बांधता सुद्धा. दुसरं, आणि हे कुणाच्या लक्षातच येत नाही, बझर बंद कुठून होतो ते बघा. बाथरूममध्येच जाऊन बटण दाबल्याशिवाय बंद होऊ नये, म्हणजे माणसाला यावंच लागतं. आमच्यात काउंटरवरूनच बंद होतो. 1 मार्चला मी मुद्दाम ओढून घड्याळ लावून बसलो, बझर वाजला, थांबला, आणि कोणीच आलं नाही. खाली गेलो तर गार्ड म्हणतो, मला वाटलं मॉप अडकला!

मॅनेजरनं मला ऑफिसात बोलावून सांगितलं, काका असे खोटे अलार्म देऊ नका. मी म्हणलं खोटा का खरा हे तुम्हाला वर आल्याशिवाय कळतंय का? त्यावर चहा मागवला. पिशवीचा.

शेवटी दुकानातनं पायजम्याची नाडी आणली, 20 रुपये, दोरीला जोडली, आणि जुन्या कापशी चपलेचा लाल गोंडा निघालेला होता तो टोकाला बांधला. चष्मा नसला तरी दिसतो. शेजारच्या काकूंनी बघून त्यांच्यात पण लावून घेतली, मग समोरच्या गुरुजींनी, आता आमच्या मजल्यावर 9 बाथरूममध्ये नाडी आहे. मावशींना चिमटा दिलाय, पुसताना वर लावा, झालं की काढा. काउंटरचं बंद करायचं बटण तेवढं तसंच आहे. वायरिंग मी फुकट बदलून देतो म्हणलं तर वॉरंटी जाईल म्हणतात.

बाकी कॅरम चांगला, सोबत चांगली, पावसाळ्यात रात्री उठून नदीची पातळी बघायला लागत नाही, हे पैशात मोजता येत नाही. पाचपैकी साडेतीन देतो. एप्रिलच्या 1 तारखेला परत दोरी ओढून बघितली तर कुणी यायला 9 मिनिटं लागली होती, परवा मेच्या 1 तारखेला 3 मिनिटांत गार्ड दारात. एवढा फरक बघून खूश झालो होतो, तेवढ्यात तो म्हणला, काका, आज एक तारीख, मी जिन्यातच थांबलो होतो.

आता तारीख बदलणार आहे. कुठली ते इथं लिहीत नाही, मॅनेजर वाचतात.